आकडा हलत नाही तेव्हा: जलशुद्धीकरण केंद्रातील जुनी उपकरणे बदलताना

मृग नक्षत्राचा पाऊस लागला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरची मलप्रभा, संकेश्वरची हिरण्यकेशी आणि निपाणीजवळची वेदगंगा या नद्यांचे पाणी बघता बघता तांबडे होते. निपाणीत ऊन पडलेले असले तरी वर भुदरगड तालुक्यात पाऊस कोसळला की यमगर्णीजवळ नदीला लाल पाणी येते, हे काठावरच्या कुणालाही ठाऊक आहे. हेच पाणी जलशुद्धीकरण केंद्रातून नळाने घरी येते आणि घागरीत निवळ दिसते. मात्र निवळ दिसणे आणि निवळ असणे यांत एक फट आहे, आणि या लेखाचा सगळा विषय त्या फटीत मावतो. पाण्याचा गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात आणि साधारण 4 एनटीयूच्या खालचा गढूळपणा माणसाच्या डोळ्याला कळत नाही. आयएस 10500 या 2012 च्या भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी 1 एनटीयू ही स्वीकार्य मर्यादा ठेवली आहे. पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत सवलत दिली आहे. म्हणजे 1 ते 4 या पट्ट्यात पाणी मर्यादेबाहेर गेलेले असते, पण डोळ्याला ते दिसत नाही. तिथे भिस्त असते ती फिल्टर हाऊसमधल्या एका लहानशा उपकरणावर, आणि बहुतेक केंद्रांत ते उपकरण केंद्राइतकेच जुने असते.

प्रयोगशाळेतील आणि केंद्रांतील उपकरणे तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले. एका जुलै महिन्यात कृष्णाकाठच्या एका केंद्रावर गेलो असता फिल्टरनंतरच्या पाण्याचा गढूळपणा दाखवणाऱ्या मीटरवर 0.32 हा आकडा होता. ऑपरेटर अनुभवी होते आणि मीटरवर त्यांचा जीव होता. ते कौतुकाने म्हणाले, "मीटर एकदम बरं हाय बघा सर, तीन दिवस झालं आकडा हललाच नाही." नदीला पूर असताना फिल्टरमधून येणाऱ्या पाण्याचा आकडा तीन दिवस हलत नाही, हे ऐकूनच मी पाण्याचा नमुना नळीतून थेट कुपीत घेतला, कुपी बाहेरून पुसली, आतले बुडबुडे जाऊ दिले आणि हातातल्या छोट्या मीटरमध्ये ठेवली. आकडा आला 2.6.

मोठ्या मीटरकडे जाणारी बोटभर जाडीची नळी आतून शेवाळाने बुजली होती. मीटरच्या पोटात तीन दिवसांचे शिळे पाणी साचून राहिले होते आणि त्यातला गाळ खाली बसला होता. उपकरण खोटे बोलत नव्हते. त्याच्या पोटातल्या पाण्याचा गढूळपणा ते अगदी बरोबर सांगत होते, फक्त ते पाणी आता गावाला जात नव्हते. पाण्याचा प्रवाह थांबला की वाजणारा एक बझर त्या मीटरला मुळात होता. तो जुना झाल्यावर कारण नसताना वाजू लागला, दुरुस्तीला सुटा भाग मिळेना, म्हणून कुणीतरी त्याची वायर कापून टाकली होती. उपकरण म्हातारे होते ते असे, एकेक इंद्रिय गमावत. शेवटी उरतो तो फक्त चमकणारा आकडा.

गढूळपणा मोजण्याची युक्ती तशी सोपी आहे. खोलीत कवडसा पडला की त्यात धुळीचे कण चमकताना दिसतात, कारण कण प्रकाश बाजूला फेकतात. मीटरमध्ये पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि त्याच्याशी 90 अंशांच्या कोनात बसवलेला संवेदक बाजूला फेकलेला प्रकाश मोजतो. कण जितके जास्त तितका प्रकाश जास्त. हा प्रकाश म्हणजे किती एनटीयू, हे मीटरला शिकवण्यासाठी फॉर्माझिन नावाचे पांढरट द्रावण वापरतात. त्याचे मूळ द्रावण 4000 एनटीयूचे असते, ते पातळ करून हव्या त्या किमतीचे प्रमाण द्रावण बनवतात आणि मीटर त्यावर जुळवतात. या जुळवणीलाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आता म्हातारपण कुठे शिरते ते पाहू. दिव्याची तार झिजते आणि उजेड मंदावतो. मंदावलेल्या उजेडात तेवढेच कण कमी चमकतात आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. काचेच्या खिडकीवर लोह आणि मँगेनीजचा तपकिरी थर चढतो. कुपीवर चरे पडले की त्या चऱ्यांवरूनच प्रकाश विखुरतो, आणि मग पाणी कितीही शुद्ध असो, आकडा ठरावीक पातळीच्या खाली उतरत नाही. यांतल्या काही दोषांनी आकडा वाढतो, काहींनी घटतो, आणि दोन दोष एकमेकांना झाकू लागले तर आकडा फसवा पण सुंदर दिसतो. त्यात पुष्कळ ठिकाणी कॅलिब्रेशन 20 एनटीयूच्या द्रावणावर होते आणि मीटरने रोज सांगायचे असते 0.3 आणि 0.6 मधले अंतर. म्हणजे पोत्यांच्या काट्यावर तपासून सोने तोलण्यातला प्रकार. म्हणून खालच्या टोकालाही एक तपासणी हवी. जुने मीटर बहुधा तिथेच नापास होते.

गढूळपणाचा इतका बाऊ का करायचा, असे कुणी विचारील. गढूळपणा स्वतः फारसा अपायकारक नसतो, पण मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात, आणि फिल्टरमधून माती निसटत असेल तर जंतूही निसटत असणार, हे त्यावरून ओळखता येते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात 1993 साली क्रिप्टोस्पोरिडियम या क्लोरीनला दाद न देणाऱ्या परजीवीने अंदाजे 4 लाख 3 हजार लोक आजारी पडले. तेव्हा तिथल्या एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढून 1.7 एनटीयूपर्यंत गेला होता. पेल्यात घेतले असते तर ते पाणी कुणालाही स्वच्छच वाटले असते.

दुसरे उपकरण पीएच मीटर. पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे ते सांगते. मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा पीएच 6.5 ते 8.5 या मर्यादेत असावा लागतो. 1930 च्या दशकात अर्नोल्ड बेकमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी जे यंत्र तयार केले, तोच आपल्या पीएच मीटरचा पूर्वज. त्याचा प्राण म्हणजे टोकाला पातळ काचेचा फुगा असलेला इलेक्ट्रोड. 25 अंश सेल्सियस तापमानाला पीएच एकाने बदलला की त्याचा विद्युतदाब सुमारे 59 मिलिव्होल्टने बदलायला हवा. इलेक्ट्रोड जुना झाला की हा उतार 55, 50 असा कमी होत जातो आणि प्रतिसादही रेंगाळतो. अर्ध्या-एक मिनिटात स्थिरावणारा आकडा पाच मिनिटे झाली तरी सरकतच राहतो. हा इलेक्ट्रोड वर्ष-दोन वर्षांत बदलायचीच वस्तू आहे, तर त्याला जोडलेली पेटी दहा वर्षेही चालते. तरीही मेलेला इलेक्ट्रोड तसाच ठेवून पेटी भंगारात काढल्याचे, आणि नव्या पेटीला तोच इलेक्ट्रोड जोडल्याचे, मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणारे पाणी मृदू असते, त्यात क्षार कमी असतात. ज्या प्रमाण द्रावणांवर पीएच मीटर जुळवतात त्या बफरमध्ये मात्र क्षार भरपूर असतात. त्यामुळे थकलेला इलेक्ट्रोड बफरमध्ये चटकन बरोबर उत्तर देतो आणि प्रत्यक्ष पाण्यात घातला की भरकटतो. कागदोपत्री कॅलिब्रेशन उत्तम असते आणि आकडा चुकीचा असतो. खानापूर तालुक्यासारख्या नदीच्या उगमाकडच्या भागासाठी इलेक्ट्रोड विकत घेताना तो कमी क्षारांच्या पाण्यासाठी बनवलेला आहे का, हे निविदेतच विचारायला हवे.

पीएच चुकला की तिसरे उपकरण, म्हणजे क्लोरीन मीटर, आपोआप चुकते. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर त्याची दोन रूपे होतात: एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतू झपाट्याने मारते, आणि दुसरे हायपोक्लोराइट, जे त्या मानाने फारच मंद आहे. पीएच 7.5 च्या आसपास ही दोन्ही निम्मी-निम्मी असतात, पीएच 8.5 झाला की जोरकस रूप जेमतेम दहा टक्के उरते. पातळ पडद्याच्या मागे विद्युतप्रवाह मोजणारे जे संवेदक आज सर्रास बसवतात, त्यांतले बरेचसे मुख्यतः या जोरकस रूपालाच ओळखतात आणि पीएच मीटरच्या आकड्यावरून एकूण क्लोरीनचा हिशेब करतात. एका उपकरणाची चूक अशी दुसऱ्याच्या नावावर चढते. दुसरी पद्धत डीपीडी या रसायनाची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण कळते. ही पद्धत विश्वासाची आहे, पण तिला रसायनाच्या बाटल्या वेळेवर लागतात, पंपाच्या नळ्या बदलाव्या लागतात, आणि क्लोरीन फारच जास्त झाला तर गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो व आकडा शून्याकडे जातो. हे ठाऊक नसलेला माणूस अशा वेळी क्लोरीन आणखी वाढवतो. अनेक ग्रामपंचायतींत पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडीन या रसायनाचा क्लोरोस्कोप, म्हणजे क्लोरीन तपासण्याचा लहान संच, असायचा; ते रसायन आरोग्याला घातक असल्याने तो आता बाजूला ठेवलेलाच बरा.

नळाच्या पाण्यात मोकळा क्लोरीन, म्हणजे घाणीशी लढूनही शिल्लक उरलेला क्लोरीन, दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, असे मानक सांगते. बेळगाव शहरात 2008 पासून काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले. बाकीच्या ठिकाणी आणि आसपासच्या गावांत पाणी ठरावीक वेळीच येत राहिले. पाणी बंद असताना नळवाहिनीत दाब राहत नाही आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. तिथे शेवटच्या नळापर्यंत पोहोचणारा चिमूटभर क्लोरीन हाच राखणदार. केंद्रातला मीटर 0.8 दाखवत असेल आणि प्रत्यक्षात 0.4 असेल, तर शेवटच्या गल्लीत काहीच उरत नाही.

यावर कॅनडातील वॉकर्टन गावाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुमारे 5,000 वस्तीच्या या गावाला विहिरींतून पाणी मिळे. मे 2000 मध्ये मोठा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातले गुरांच्या शेणाचे खत पाच क्रमांकाच्या उथळ विहिरीत झिरपले. पाण्यात घाण वाढली की क्लोरीन तिच्याशी लढण्यातच खर्च होतो. तसे झाले आणि मोकळा क्लोरीन शिल्लक राहिला नाही. त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे नव्हती. कर्मचाऱ्यांनी हाताने मोजून नोंद करायची होती, पण ते वर्षानुवर्षे न मोजताच वहीत 0.5 किंवा 0.75 असे आकडे लिहीत आले होते. 7 माणसे दगावली आणि सुमारे 2,300 आजारी पडली. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की तिथे सतत मोजणारी उपकरणे असती तर ही साथ टळली असती. वहीतला 0.75 आणि मी पाहिलेला 0.32 यांत नीयतीचा फरक नक्कीच आहे, पण ते पाणी पिणाऱ्याला तो फरक समजण्याचा मार्ग नाही.

तर उपकरण बदलायचे केव्हा? वयावरून ठरवणे सोपे असते, म्हणून तसे ठरवले जाते. पण माझ्या मते पाहायचे ते दोन कॅलिब्रेशनमध्ये आकडा किती सरकला हे. दर महिन्याला जुळवताना मीटर थोडेसेच सरकलेले आढळत असेल तर ते जुने असले तरी चालू द्यावे. सरकणे महिन्यागणिक वाढत असेल, सुटे भाग मिळणे बंद झाले असेल किंवा ऑपरेटरांनी त्याच्याकडे पाहणेच सोडले असेल, तर ते बदलावे, मग ते चार वर्षांचे का असेना. यासाठी जुळवण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवण्याची सवय हवी. बहुतेक वह्यांत फक्त जुळवल्यानंतरचा आकडा असतो, आणि तो अर्थातच नेहमी बरोबर असतो. पैसे कमी असतील तर आधी फिल्टरनंतरचे गढूळपणा मीटर आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे क्लोरीन मीटर घ्यावे. मीटरच्या चुकांची किंमत नागरिक मोजतात ती या दोन जागी.

नवे उपकरण घेताना फसगत होते ती किमतीच्या कागदावर. सर्वांत कमी दराचे मीटर पुष्कळदा महागड्या रसायनावर चालते, आणि वर्षभरात रसायन संपले की पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत ते झाकून ठेवले जाते. म्हणून निविदेत उपकरणाबरोबर पाच वर्षांचे संवेदक, नळ्या आणि रसायन यांचाही दर मागवावा, आणि दुरुस्तीचा माणूस बेळगाव, कोल्हापूर किंवा हुबळीहून एका दिवसात येईल अशी अट घालावी. वळिवाच्या विजांनी एप्रिल-मे महिन्यांत इथे उपकरणांतली किती इलेक्ट्रॉनिक कार्डे जळतात हे केंद्रावरच्या इलेक्ट्रिशियनला विचारावे. चांगले अर्थिंग आणि विजेचा झटका अडवणारे लहानसे यंत्र उपकरणाच्या मानाने स्वस्त पडते.

खरी कसोटी मात्र जोडणीच्या दिवशी लागते. मीटरपासून नियंत्रण कक्षातल्या पडद्यापर्यंत आकडा जातो तो सहसा 4 ते 20 मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाच्या रूपाने: 4 म्हणजे शून्य आणि 20 म्हणजे मोजपट्टीचे वरचे टोक. शून्यासाठीही 4 ठेवण्यात शहाणपण आहे, कारण वायर तुटली की प्रवाह 4 च्या खाली जातो आणि बिघाड ओळखता येतो. आता समजा, नदीच्या कच्च्या पाण्यावरच्या जुन्या मीटरची मोजपट्टी 0 ते 100 एनटीयू होती आणि नव्याची 0 ते 1000 आहे. नदीत 40 एनटीयू असताना नवे मीटर 4.64 मिलिअँपिअर पाठवील. पडद्याच्या संगणकात जुनीच मोजपट्टी राहिली असेल तर तो त्याचे 4 एनटीयू करून दाखवील. मीटरवर 40, पडद्यावर 4, आणि तुरटीचे प्रमाण पडद्यावरून ठरते. कुणाचेही यंत्र बिघडलेले नाही, सर्वांनी आपापले काम चोख केले आहे, आणि फिल्टरवर मात्र पुरेशी तुरटी न मिळालेले गढूळ पाणी येऊन पडते. म्हणून जोडणीनंतर मीटरजवळ एक माणूस आणि पडद्याजवळ दुसरा, दोघांनी फोनवर निदान तीन वेगवेगळे आकडे ताडून पाहिल्याशिवाय ठेकेदाराच्या कागदावर सही करू नये.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. जुनी मीटरे पुष्कळदा पांढऱ्या उजेडाच्या दिव्यावर चालत, तर नवी बहुधा 860 नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशावर चालतात. दोन्ही पद्धती मान्यताप्राप्त आहेत आणि फॉर्माझिनवर दोन्ही सारखेच उत्तर देतात. नदीचे पाणी म्हणजे फॉर्माझिन नव्हे. पालापाचोळ्याचा तपकिरी रंग पांढरा उजेड काही अंशी शोषून घेतो, अवरक्त प्रकाशाला तो रंग जवळजवळ दिसतच नाही. उलट अतिबारीक कण पांढऱ्या उजेडाला जास्त विखुरतात. त्यामुळे एकाच कुपीतल्या पाण्याला दोन मीटरे वेगळे आकडे देतील, आणि त्यांतला फरक जूनमध्ये एक, ऑक्टोबरमध्ये दुसरा असेल. बेळगावात राकसकोप जलाशयाचे पाणी लक्ष्मी टेकडीवरच्या केंद्रात येते आणि हिडकल धरणाचे बसवन कोळ्ळच्या केंद्रात. एकाच शहराच्या या दोन पाण्यांचाही स्वभाव सारखा नाही, तेव्हा एका केंद्रावरचा फरक दुसऱ्याला लावता येणार नाही.

यात सर्वांत जास्त गोंधळतो तो ऑपरेटर. "साठला एवढी तुरटी, दोनशेला एवढी" हा त्याचा हिशेब पंधरा-वीस पावसाळ्यांत पक्का झालेला असतो. तो हिशेब बरोबर असतो, पण जुन्या मीटरच्या चुकीसकट बरोबर. मीटर दहा टक्के कमी दाखवत असेल तर त्याचा हात नकळत दहा टक्के जास्त तुरटी सोडायला शिकलेला असतो. नवे, अचूक मीटर आले की त्याच हाताने तुरटी जास्त पडू लागते, पीएच खाली येतो, आणि "नवं मीटर बेकार" असा निकाल लागतो. त्या माणसाला अडाणी ठरवणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते, कारण त्याला जुळवून घ्यायला कुणी वेळच दिलेला नसतो.

म्हणून जुने मीटर काढून त्या जागी लगेच नवे बसवू नये. एकाच नळीला फाटा देऊन दोन्ही शेजारी-शेजारी चालवावीत, आणि जमल्यास त्यात पावसाळ्याचे महिने यावेत. दर पाळीला तीन आकडे लिहावेत: जुन्याचा, नव्याचा आणि कुपीत घेऊन हातातल्या मीटरवर मोजलेला. काचपात्रांत तुरटीची वेगवेगळी मात्रा घालून पाहण्याची जार टेस्ट या काळात रोज करावी आणि तुरटीचा नवा तक्ता नव्या मीटरच्या आकड्यांवर बांधावा. धोक्याची घंटा किती आकड्याला वाजावी हेही तेव्हाच नव्याने ठरवावे. सोबत आलेली जाडजूड इंग्रजी पुस्तिका कपाटात जाणार हे उघड आहे, तेव्हा खिडकी कशी पुसायची, नळी केव्हा धुवायची आणि कोणत्या आकड्याला कुणाला फोन करायचा, एवढे एका पानावर कन्नडमध्ये आणि मराठीत लिहून मीटरशेजारी चिकटवावे. रात्रपाळीला असणारा माणूस यांतली निदान एक भाषा सहज वाचतो.

त्या कृष्णाकाठच्या केंद्रावर पुढे नवे मीटर बसले तेव्हा जुने लगेच हलवू नका, एवढे मी सांगून आलो होतो. पुढच्या श्रावणात गेलो, तर दोन्ही मीटरे एकाच फळीवर होती, आणि वहीच्या पानावर तांबड्या शाईची आडवी रेघ मारून त्याखाली ऑपरेटरांनी लिहिले होते: "इथून पुढचे आकडे नव्या मीटरचे. जुने 0.41, नवे 0.58, कुपी 0.60." बझर चालू आहे का, असे मी विचारले. उत्तर न देता त्यांनी नळीचा कॉक बंद केला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. थोड्या वेळाने बझर वाजला.